चिंचोक्यांच्या शेळ्या

माझ्या दवाखान्यात सोमवारी सकाळी पोट दुखणारी दोन-तीन मुले हमखास येतात. शनिवारी-रविवारी हीच मुले मनसोक्त खेळलेली असतात, जेवलेली असतात. सोमवारी दप्तर खांद्याला लागले की बेंबीभोवती कळ येते. मुले खोटे बोलतात असे कृपा करून समजू नका. भीतीने पोट खरेच दुखते. फक्त त्या दुखण्याचे मूळ पोटात नसते.

सुमारे दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या सुरुवातीस, असाच एक सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. इयत्ता दुसरी. सोबत आई आणि आजी. आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातले तालुक्याचे ठिकाण. मुलाचे वडील पतसंस्थेत नोकरीला, आई घरी शिवणकाम करणारी. अशा मुलांच्या बाबतीत आम्ही डॉक्टर काही प्रश्न आवर्जून विचारतो. दुखण्याने रात्री झोपमोड होते का? वजन घटले आहे का? वारंवार उलट्या, ताप, शौचातून रक्त असे काही आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर पुढील तपासणी टाळू नये. या मुलाला यातले काही नव्हते. लघवी आणि शौच यांच्या तपासण्या निर्दोष होत्या, जंताचे औषधही देऊन झाले होते. मग मी स्टेथोस्कोप बाजूला ठेवला आणि विचारले, “शाळेत काय आवडतं?”

“चित्रकला.”

“आणि काय आवडत नाही?”

त्याने आजीकडे पाहिले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “वजाबाकी.”

निदान तेथेच झाले होते. परंतु निघता निघता त्याची आई म्हणाली, “डॉक्टर, आता आलोच आहोत तर आईंचंही जरा बघा. हल्ली फार विसरतात. एकच गोष्ट दोनदा विचारतात, गॅस चालू ठेवतात.” आजी गप्प होत्या. वय बहात्तर. आठ महिन्यांपूर्वी पती गेले, त्यानंतर महिन्याभरातच अंगणात घसरून त्यांचे मनगट मोडले, आणि मुलाने त्यांना गावाकडून तालुक्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणले. गावी त्यांची तेवीस शेरडे होती. पंधरा विकली. उरलेली आठ दिरांकडे ठेवली.

स्मृतीची प्राथमिक चाचणी म्हणून आम्ही काही ठरावीक प्रश्न विचारतो. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली एक लहानशी प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. शंभरातून सात वजा करत जायचे, असा एक प्रश्न तीत आहे. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट अशा पाच पायऱ्या. मी आजींना तारीख विचारली, त्यांनी तिथी सांगितली. मग मी विचारले, “आजी, शंभरातून सात गेले, किती राहिले?”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारला. उत्तर आले नाही. मी केसपेपरवर ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता’ असे लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. शेजारी उभ्या असलेल्या नातवाने मान खाली घातली होती. एकाच विषयात आजी आणि नातू दोघेही नापास झाले होते, आणि दोघांनाही ते कळले होते.

दारापर्यंत गेल्यावर आजी वळल्या. “डाक्टर, सात काय?”

“म्हणजे?”

“शंभरातनं सात काय गेलं? शेरडं का रुपयं?”

मला हसू आले. म्हटले, “समजा, शेरडं.”

“मग तसं सांगा की. चार विसा आन् तेरा राहिली.”

मला क्षणभर हिशोब करावा लागला. चार विसा म्हणजे ऐंशी, आणि तेरा. त्र्याण्णव! मी घाईघाईने म्हटले, “आणखी सात गेली तर?”

“चार विसा आन् सहा. मग तीन विसा आन् एकोणीस. मग तीन विसा आन् बारा. मग तीन विसा आन् पाच.” एकदाही न अडखळता आजी पासष्टपर्यंत उतरल्या आणि मग काळजीने म्हणाल्या, “पर एवढी शेरडं रोज सात-सात करून जात्यात कुठं? राखणीला कुणी न्हाई का?”

केसपेपरवरची ती ओळ मी खोडली. सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात मी अनेक ओळी खोडल्या आहेत, पण इतक्या शरमेने क्वचितच. माझा प्रश्न चुकला होता आणि नापास मात्र मी त्यांना केले होते. शाळेत न गेलेल्या माणसाला नुसता आकडा दाखवणे म्हणजे रिकामे भांडे पुढे करून ‘चव कशी आहे’ असे विचारण्यासारखे आहे.

येथे एक खुलासा वैद्य म्हणून करायलाच हवा. वजाबाकी बरोबर आली म्हणजे स्मृतिभ्रंश नाही, असा अर्थ कोणीही काढू नये. मी आजींची रीतसर तपासणी केली. दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. प्रश्न दोनदा विचारण्याचे अर्धे कारण तेच, कारण पहिल्यांदा दिलेले उत्तर त्यांना ऐकूच जात नव्हते. थायरॉईड ठीक होते, जीवनसत्त्व बी-१२ कमी होते. गॅसच्या बटणाची सवय आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या हातांना आठ महिन्यांत कशी व्हावी? आणि या सगळ्यांच्या तळाशी होते पतीच्या जाण्याचे दुःख. ते कोणी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते. घरातील ज्येष्ठ व्यक्ती विसरू लागली तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. ऐकू येणे, थायरॉईड, बी-१२, चालू असलेली औषधे आणि मनाची उदासी या पाच गोष्टी आधी तपासून घ्या. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

त्या दिवशी मी आजींना औषधांबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली. “आजी, आत्ता जी वजाबाकी तुम्ही मला शिकवलीत, तीच नातवाला शिकवा.”

“शिकवीन की. पर शेरडं कुठनं आणू? तिसऱ्या मजल्यावर?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. ते आजींनीच शोधले.

पंधरा दिवसांनी त्यांच्याच इमारतीत एका रुग्णाला पाहायला गेलो असता मी त्यांच्या घरी डोकावलो. स्टीलच्या परातीभोवती आजी-नातू बसले होते. परात म्हणजे गोठा. समोर अंथरलेली हिरवी चटई म्हणजे रान. आणि परातीत आठ चिंचोके. प्रत्येक चिंचोक्याला नाव होते. चांदी, काळी, बांडी, मोरी, टिपरी, भुरी, तांबडी आणि शिंगाडी. गावी दिरांकडे असलेली हीच ती आठ शेरडे. मला सर्व चिंचोके सारखेच दिसत होते. मुलाला मात्र प्रत्येक ओळखू येत होता. “ही बांडी. हिच्या कडेला ठिपका आहे.”

आजी म्हणाल्या, त्यांचे वडील सकाळी शेरडे सोडताना दर शेरडामागे एक खडा पिशवीत टाकीत आणि संध्याकाळी एकेक शेरडू आत आले की एकेक खडा बाहेर काढीत. पिशवीत खडा उरला तर कंदील घेऊन शोधायला निघत. वडिलांना शंभरापर्यंत आकडे येत नव्हते, पण शेरडू हरवल्याचे कळले नाही असे कधी झाले नाही.

हे ऐकताना मला माझ्या व्यवसायातला एक शब्द आठवला. मूतखड्याला आम्ही डॉक्टर ‘कॅल्क्युलस’ म्हणतो. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ लहान खडा. पूर्वी हिशोब खड्यांनी करत, म्हणून त्याच शब्दापासून ‘कॅल्क्युलेट’, म्हणजे हिशोब करणे, हा शब्द तयार झाला. आम्ही रोज चिठ्ठीवर लिहितो तो शब्द आणि आजींच्या वडिलांची पिशवी यांचे मूळ एकच निघाले.

आजींच्या शिकवण्याला एक क्रम होता. आधी बेरीज. उस्मानाबादी जातीची शेळी बऱ्याचदा जुळी करडे देते, हे त्यांना अनुभवाने माहीत. म्हणून फोडलेल्या चिंचोक्याच्या पांढऱ्या डाळी म्हणजे करडे. “काळी व्याली, दोन झाली. मोरी व्याली, दोन झाली. आता करडं किती? आन् समदी मिळून किती?” बोटे न मोडता मुलगा बारा म्हणाला. कधी त्या एकदम विचारीत, “दोन शेरडं आन् एक कोंबडी. पाय किती?” मग मुलगा डोळे मिटून मनात शेळी उभी करी आणि पाय मोजी. दहा! कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. बारा अंडी ठेवली आणि नऊ पिल्ले निघाली, तर किती अंडी वाया गेली? कोंबडीला बसून आज तेरा दिवस झाले, तर अजून किती दिवस वाट पाहायची? शेवटचा प्रश्न वजाबाकीचा आहे हे मुलाच्या लक्षातही आले नाही. त्याला पिल्लांची वाट पाहायची होती.

वजाबाकीची त्यांची रीत मला विशेष वाटली. त्यांनी शेरडे मारली नाहीत, विकली नाहीत, लांडग्यालाही दिली नाहीत. त्यांनी ती चरायला पाठवली. “आठातली तीन रानात गेली. गोठ्यात किती?” मुलगा तीन चिंचोके उचलून चटईवर ठेवी आणि म्हणे, “पाच.” मग आजी म्हणत, “दिस कलला. तीन आली परत. आता?” “आठ.” बेरीज आणि वजाबाकी ही एकाच वाटेवरची जाणे-येणे आहेत, ही गोष्ट पाठ्यपुस्तक पुढे कधीतरी सांगते. या मुलाला ती परात आणि चटई यांच्यामध्ये सापडली.

महिन्याभरात सोमवारची पोटदुखी कमी झाली. पण गोष्ट एवढी सरळ नव्हती.

घटक चाचणीचा पेपर घेऊन मुलाची आई एके दिवशी आली. त्यात नेमका प्रश्न होता, ८ − ३. मुलाने उत्तर लिहिले होते, ८. तांबड्या शाईची फुली. “डॉक्टर, घरी तर बरोबर सांगतो!” मी मुलाला विचारले, “आठ कसे रे?” तो गोंधळून म्हणाला, “संध्याकाळी परत येतात ना.”

मी हसलो, आई हसली. आजी मात्र हसल्या नाहीत. जरा विचार करून त्या म्हणाल्या, “चूक माझी हाय. मी त्याला गुराख्याची वजाबाकी शिकवली. साळंनं यापाऱ्याची इचारली.”

वाचकहो, गणित शिकवण्याविषयी मी जे काही वाचले आहे, त्यात इतके नेमके वाक्य मला आढळले नाही. गुराख्याची वजाबाकी परत येणाऱ्यांची असते. व्यापाऱ्याची वजाबाकी न येणाऱ्यांची असते. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात, कारण कागदावरचे चिन्ह फक्त एवढेच विचारते की या घडीला किती उरले. आजींनी प्रश्नात एक शब्द वाढवला. “दिस डोईवर आला असताना गोठ्यात किती?” संध्याकाळचे नंतर पाहू. मुलाला ते लगेच उमगले आणि पुढच्या चाचणीत फुली पडली नाही.

परंतु व्यापाऱ्याची वजाबाकी त्याला एक दिवस भेटणारच होती. दिवाळीच्या सुट्टीत आजी त्याला गावी घेऊन गेल्या. चिंचोक्यांच्या शेळ्या आता खऱ्या दिसणार म्हणून तो आदल्या रात्री झोपला नव्हता. गोठ्यात जाऊन त्याने मोजले. आठ. समाधानाने तो जवळ गेला, आणि मग एकेकीचे तोंड पाहत थांबला. “चांदी कुठाय? आणि बांडी?” दिरांनी सांगितले, दोन्ही आठवडी बाजारात विकल्या. आणि मोरीला दोन करडे झाली. आठ वजा दोन, अधिक दोन. हिशोब चोख होता. मुलगा म्हणाला, “आठच आहेत, पण त्या आठ नाहीत,” आणि रडू लागला.

आजींनी हे मला नंतर सांगितले. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने विचारले होते, “आज्जी, आजोबा पण संध्याकाळी परत येत नाहीत. म्हणजे ते यापाऱ्याच्या वजाबाकीत गेले?” आजींना काय बोलावे ते सुचले नाही. त्या “व्हय” म्हणाल्या, आणि मग दोघेही रडले. पती गेल्याला वर्ष होऊन गेले होते. “डाक्टर, त्येंच्याबद्दल माझ्याशी बोलणारा ह्यो पयलाच,” असे त्या म्हणाल्या. घरातील मोठी माणसे आजींना त्रास होऊ नये म्हणून तो विषय टाळत होती. टाळण्याचाही त्रास होतो, हे सात वर्षांच्या मुलाने आम्हां सगळ्यांना दाखवून दिले. त्यानंतर घरात आजोबांचे नाव निघू लागले. आजींची झोप सुधारली ती बी-१२च्या इंजेक्शनांनी की या बोलण्याने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सुधारली.

लहान मुलांना प्राणी आणि गणित यांची जोडी का भावते? एक कारण असे की संख्येची जाणीव अगदी तान्ह्या वयातही असते. १९९२ मध्ये कॅरन विन या अमेरिकी संशोधिकेने पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक बाहुली ठेवली, तिच्यापुढे पडदा धरला, आणि बाळाच्या देखत पडद्यामागे दुसरी बाहुली नेली. पडदा दूर केल्यावर दोनऐवजी एकच बाहुली दिसली, तर बाळे तिकडे अधिक वेळ टक लावून पाहत. म्हणजे ‘काहीतरी चुकले’ हे बोलता न येणाऱ्या बाळालाही जाणवते. दुसरे कारण जिव्हाळ्याचे. मण्यांतला एक मणी कमी झाला तर मुलाला काही वाटत नाही. पिल्लांतले एक दिसेनासे झाले तर ते शोधायला निघते. शोधणे हीच मोजण्याची खरी प्रेरणा आहे.

आपल्या महाराष्ट्रात ही जाण नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरे राखावी लागतात, असे त्यांना दिसले. तेव्हा त्यांनी शाळाच गुरांच्या मागे कुरणात नेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा तो विचार. आपण आजी-आजोबा घरच्या घरी तेच करू शकतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. माझ्या आणि आजींच्या अनुभवातून त्या निघाल्या आहेत.

घरी प्राणी नसला तरी अडत नाही. खिडकीतून तारेवरच्या चिमण्या दिसतात, कावळे दिसतात. “पाच होते, दोन उडाले” हे आपोआप घडते. फक्त हलणारे प्राणी मोजणे लहानग्यांना अवघड जाते. म्हणून दर पक्ष्यामागे एक चिंचोका, शेंगदाणा किंवा बटण बाजूला ठेवू द्या. अगदी लहान मूल जवळ असेल तर मात्र अशा वस्तू तोंडात, नाकात वा कानात जाऊ शकतात. तेथे वाट्या किंवा मोठी झाकणे वापरा. चिंचोक्यांवरून पुढे चित्रावर या, आणि शेवटी आकड्यावर. शेळी, मग शेळीचे चित्र, मग आठचा आकडा. मधली पायरी गाळू नका.

चिंचोके कधी जवळजवळ ठेवा, कधी पसरून ठेवा, आणि ‘आता जास्त झाले का?’ असे विचारा. पाच-सहा वर्षांपर्यंतची बरीच मुले पसरलेल्यांना जास्त समजतात. त्यात मूल मंद असण्याचा काही संबंध नाही. ‘तेवढेच आहेत’ हे समजायला वय लागते. वेगवेगळे प्राणी मिसळले तर नाव बदलते, हेही दाखवा. तीन शेळ्या आणि दोन कोंबड्या मिळून पाच शेळ्या होत नाहीत. पाच काय होतात, हे मुलालाच ठरवू द्या.

उत्तराच्या वेळी आपला चेहरा सांभाळा. याची एक गंमतीची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा बेरीज-वजाबाकी करतो म्हणून गाजला होता. तो खूर आपटून उत्तर देई. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ मध्ये बारकाईने तपासले तेव्हा उलगडा झाला. खुरांची संख्या बरोबर उत्तराला पोहोचली की प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगात नकळत बारीकशी हालचाल होई. घोडा ती ओळखून थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की घोड्याचे उत्तर चुके. आपली नातवंडेही आपल्या भुवया वाचतात. म्हणून मूल मोजत असताना त्याच्याकडे नव्हे, चिंचोक्यांकडे पाहा. आणि चूक झाली तर ‘चूक’ म्हणण्यापूर्वी ‘कसे रे?’ असे विचारा. ८ − ३ = ८ या उत्तरामागेही एक संध्याकाळ असू शकते.

वेळ दहा-पंधरा मिनिटे पुरे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी जमिनीवर बसण्याचा हट्ट धरू नये. टेबलावरही गोठा होतो. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझे सांगणे असे की, आजी-आजोबांना फुकटची शिकवणी समजू नका. हा खेळ त्यांना हवा तेव्हा, हवा तेवढा असावा. आणि त्यांची चूक झाली तर नातवंडासमोर ती दाखवू नका.

खरे प्राणी असतील तर स्वच्छता आणि सावधपणा हवाच. शेळी, कोंबडी, मांजर यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवूनच खाणे. अनोळखी कुत्र्या-मांजरांना मोजायचे ते लांबूनच. खाणाऱ्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या प्राण्याच्या जवळ जाऊ नये. कुत्रे किंवा मांजर चावले, ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना-तिखट काहीही लावू नका, आणि लस घेण्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की त्यातून वाचवणे जवळजवळ अशक्य असते. कबुतरांना गॅलरीत दाणे घालून मोजण्याचा खेळ मात्र टाळावा. त्यांच्या विष्ठेने व पिसांनी काहींना फुप्फुसाचा चिवट आजार होतो.

आणि कधी डॉक्टरांकडे यावे? एवढे करूनही आठ-नऊ वर्षांच्या मुलाला लहान संख्यांचा अंदाज येत नसेल, कमी-जास्त कळत नसेल, तर आधी डोळे व कान तपासून घ्या. मग गणन-अक्षमता आहे का हे तज्ज्ञांकडून पाहता येते. अशा मुलाला मार नको, मदत हवी. ज्येष्ठांच्या बाबतीत, जन्मभर चोख हिशोब करणारी व्यक्ती पैशांत वारंवार चुकू लागली, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागली, तर मात्र वाट पाहू नका.

तो मुलगा आता चौथीत आहे. गणितात पहिला येत नाही, पण सोमवारी शाळेत जातो. चिंचोके आता त्याच्या धाकट्या चुलत बहिणीकडे गेले आहेत. तिने सर्वांना नवी नावे दिली आहेत, फक्त चांदीचे तेवढे बदललेले नाही.

आजींना मी दर सहा महिन्यांनी तपासतो. मागील महिन्यात त्या आल्या तेव्हा रक्तदाब पाहून झाल्यावर मी नेहमीची प्रश्नावली काढली आणि या वेळी पूर्ण वाक्यात विचारले, “आजी, शंभर शेरडांतली सात गेली, तर किती राहिली?”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मला काळजी वाटू लागली.

मग त्या म्हणाल्या, “आदी सांगा डाक्टर, मागल्या टायमाची घावली का?”